पगार साहेबांच्या हातात नसतो, ड्युटी लिस्ट असते

तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय घ्या. महाराष्ट्रात अशा रुग्णालयाला साधारणपणे एक वैद्यकीय अधीक्षक (एमएस) आणि तीन वैद्यकीय अधिकारी मंजूर असतात. आठवड्याचे तास 168. तिघेही हजर असतील आणि एका वेळी एकच डॉक्टर ड्युटीवर धरला, तर प्रत्येकाच्या वाट्याला 56 तास येतात. एकाला प्रतिनियुक्तीवर, म्हणजे तात्पुरतं दुसरीकडे कामाला, पाठवलं की उरलेल्या दोघांचे 84 तास होतात आणि आठवड्याला साडेतीन रात्री. आता याच ठिकाणी अधीक्षकांनी आठवड्यातल्या दोन रात्री, 8 ते 8, स्वतःच्या नावावर लावून घेतल्या तर दोघांचे तास 72 वर येतात आणि रात्री अडीच होतात. पगार तोच, गाव तेच, रिक्त पदही तेच. पण या दुसऱ्या मांडणीत डॉक्टर टिकण्याची शक्यता कितीतरी जास्त.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर का टिकत नाहीत हा विषय निघाला की पगार, क्वार्टर, मुलांच्या शाळा आणि नवरा-बायकोच्या दोन गावांतल्या नोकऱ्या ही कारणं आधी येतात. ती खरीच आहेत. पण त्यातलं जवळपास काहीच अधीक्षकांच्या किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हातात नसतं. भरती राज्य पातळीवर होते, पगार वेतन आयोगाप्रमाणे ठरतो, बदलीची ऑर्डर वरून येते. त्यामुळे बरेच अधिकारी "आम्ही काय करणार" म्हणून मोकळे होतात. मला हे मान्य नाही. सारखाच पगार आणि शहरापासून सारखंच अंतर असलेल्या दोन रुग्णालयांपैकी एकात डॉक्टर तीन-तीन वर्षं राहतात आणि दुसऱ्यात बंधपत्राचे, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचे, दिवस मोजत बसतात, तेव्हा फरक वरच्या माणसाच्या कामाच्या पद्धतीत असतो. ही पद्धत भाषणात दिसत नाही. ती ड्युटी लिस्टमध्ये दिसते, रजेच्या अर्जावर काय शेरा पडतो त्यात दिसते, आणि कॅज्युअल्टीत जमाव येतो तेव्हा साहेब कुठे असतात त्यातही दिसते.

म्हणून ड्युटी लिस्टवर थोडं थांबू. पुढच्या महिन्याची लिस्ट चालू महिन्याच्या 25 तारखेपर्यंत लागली पाहिजे. एक तारखेच्या आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर लिस्ट टाकणारा अधिकारी नकळत सांगत असतो की तुमच्या घरच्या कार्यक्रमांना किंमत नाही. दिवाळी, गणपती, ईद, नाताळ या दिवसांचा हिशोब वर्षभराचा ठेवायचा. गेल्या दिवाळीला कोण होतं हे लिस्टखालीच लिहायचं, म्हणजे वाद उरत नाही. अदलाबदल दोघांच्या सहीने, पण साहेबांच्या परवानगीसाठी अडकवायची नाही. आणि रात्रीची ड्युटी केलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी ओपीडीला बसवायचं नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कागदावर तो "ऑफ" असतो. सकाळी साडेआठला ओपीडीत दोनशे पेशंट उभे असतात, म्हणून "अकरापर्यंत थांबा" होतं. मग अकराला पोलीस शवविच्छेदनाचे कागद घेऊन येतात. रात्री झोप न झालेला डॉक्टर दुपारी दोनला क्वार्टरवर पोहोचतो आणि रात्री आठला परत कॉलवर असतो. "कॉलवर" म्हणजे विश्रांती, असं धरून तास मोजले की लिस्ट सुंदर दिसते आणि माणूस मोडतो. शवविच्छेदनासाठी लिस्टमध्ये वेगळा रकाना करून तिथे ड्युटी नसलेल्या डॉक्टरचं किंवा स्वतः अधीक्षकांचं नाव घातलं, तर कॅज्युअल्टी रिकामी पडत नाही आणि डॉक्टरची फरफटही थांबते. यासाठी शासन निर्णय लागत नाही, एक रकाना लागतो.

प्रतिनियुक्ती हा याच दुखण्याचा दुसरा भाग. संध्याकाळी सहाला फोन येतो: उद्यापासून आठ दिवस यात्रेच्या बंदोबस्ताला, किंवा शिबिराला, किंवा शेजारच्या तालुक्यात जागा रिकामी आहे तिथे. पाठवायला लागतंच, याबद्दल तक्रार नाही. पण कोणाला पाठवलं जातं ते बघा. जो कुरकुर करत नाही, ज्याची वरपर्यंत ओळख नाही, जो बंधपत्रावर आहे, त्यालाच. एक साधी वही घातली, नाव, तारीख, किती दिवस, कुठे, आणि ज्याचे दिवस सगळ्यात कमी त्याचा नंबर पुढचा असं ठरवलं, तर वर्षभरात कोणालाही "मलाच का" असं विचारावं लागत नाही. वही नसेल तर कामसू माणूस सगळ्यात आधी जातो, कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त लादलं गेलेलं असतं.

आता पद्धतींबद्दल. नेतृत्वाच्या पुस्तकी वर्गवाऱ्या पुष्कळ आहेत, पण आपल्याकडे दोन पद्धती सर्रास दिसतात.

पहिली नोटिशीची. ओपीडी कमी झाली, कारणे दाखवा. मीटिंगला दहा मिनिटं उशीर, ज्ञापन. "आपले वेतन का रोखण्यात येऊ नये" हे वाक्य इतक्या सहज लिहिलं जातं की त्याची धार गेली आहे. या पद्धतीचा उपयोग होतो असं वाटतं, कारण पुढचे पंधरा दिवस बायोमेट्रिकवर हजेरी सुधारते. पण मग होतं काय? ज्याच्यापुढे दुसरा रस्ता आहे, पीजीची सीट, तालुक्यात चालणारा दवाखाना, शहरात कॉर्पोरेट हॉस्पिटल, तो निघतो. ज्याला रस्ता नाही तो खुलासे लिहायला शिकतो. म्हणजे नोटीस गाळणीसारखी काम करते आणि नेमका चांगला माल गाळून बाहेर टाकते.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी रिक्त पदांच्या तक्त्यात दिसत नाही. कायम नोकरीतला डॉक्टर बहुतेक वेळा राजीनामा देत नाही. तो येणं बंद करतो. आधी वैद्यकीय रजा, मग ती वाढवणं, मग नुसतीच अनधिकृत गैरहजेरी. विभागीय चौकशी लागून त्याचं नाव निघेपर्यंत वर्षं जातात, आणि तोवर कागदावर पद भरलेलं असतं. त्यामुळे त्या जागी दुसरा डॉक्टर मागताही येत नाही. जिल्ह्याच्या अहवालात तीनपैकी तीन पदं भरलेली आणि प्रत्यक्षात एकटा माणूस रात्रंदिवस खपतोय, ही स्थिती नवी नाही. म्हणून रिक्त पदांची टक्केवारी बघून डॉक्टर टिकतात की नाही हे कळत नाही. महिन्यात प्रत्यक्ष किती डॉक्टरांनी रात्री केल्या, किती रजा नाकारल्या, किती बदलीचे अर्ज आले, हे तीन आकडे काढले तर खरं चित्र समोर येतं.

दुसरी पद्धत हात झटकण्याची. हे साहेब कोणाला ओरडत नाहीत. सही मागितली की देतात. पण निर्णय मागितला की "बघू" म्हणतात. वर्षाच्या आठ किरकोळ रजांपैकी एक मागितलेला डॉक्टर गाडीचं तिकीट काढू की नको या विचारात चार दिवस घालवतो आणि आदल्या रात्रीपर्यंत उत्तर मिळत नाही. लिपिक, फार्मासिस्ट आणि डॉक्टर यांच्यात काही अडलं की साहेब मध्ये पडत नाहीत. लोक या पद्धतीला "चांगला माणूस" म्हणतात, म्हणून तिचं नुकसान लवकर ध्यानात येत नाही. माझ्या मते ती नोटिशीइतकीच डॉक्टर पळवणारी आहे. नोटीसवाल्या साहेबांच्या हाताखाली निदान काय होणार हे ठाऊक असतं. रजेच्या अर्जावर 48 तासांत हो किंवा नाही, आणि नाही असेल तर एका ओळीत कारण, एवढा नियम स्वतःला घालून घेतला तरी अर्धं काम होतं.

वरिष्ठाच्या वागण्याचा आणि डॉक्टरच्या थकव्याचा संबंध मोजताही येतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने आपल्या 2,800 हून अधिक डॉक्टरांना त्यांच्या थेट वरिष्ठाला 60 पैकी गुण द्यायला सांगितले होते. हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न साधे होते: माझं मत विचारतात का, मान देऊन बोलतात का, माझ्या कामाची दखल घेतात का, काय चाललंय ते कळवतात का. वरिष्ठाचा एक गुण वाढला की थकून कोलमडण्याची शक्यता 3.3 टक्क्यांनी कमी आणि समाधानी असण्याची शक्यता 9 टक्क्यांनी जास्त आढळली. ते श्रीमंत, खासगी रुग्णालय आहे आणि आपली परिस्थिती वेगळी, हे खरं. पण त्या प्रश्नांपैकी एकालाही पैसा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही ग्रामीण भागात आरोग्य कर्मचारी टिकवण्याविषयी 2010 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पैसे आणि बंधनकारक सेवेच्या जोडीला कामाच्या जागेची सुरक्षितता आणि पाठबळ यांचाही स्वतंत्र विचार आहे.

पाठबळ म्हणजे काय ते कळतं कॅज्युअल्टीत तोडफोड होते त्या रात्री. अपघाताचा पेशंट आणतानाच गेलेला असतो, सोबत साठ माणसं, आणि टेबलापाशी एक डॉक्टर, एक सिस्टर, एक मामा (वॉर्डबॉय). महाराष्ट्रात 2010 पासून वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि मोडलेल्या सामानाच्या दुप्पट भरपाई. कायदा पुरेसा आहे. अडतं ते फिर्याद कोण देतो इथे. मार खाल्लेल्या डॉक्टरने एकट्याने पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःच्या नावाने फिर्याद द्यायची आणि मग त्याच गावात राहायचं, ही अपेक्षाच चुकीची आहे. फिर्याद संस्थेच्या नावाने, अधीक्षकांच्या सहीने गेली पाहिजे. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात 9 ऑगस्ट 2024 रोजी ड्युटीवरच्या महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर केंद्राने आपल्या रुग्णालयांना हेच कळवलं: हिंसा झाल्यास सहा तासांच्या आत संस्थेतर्फे गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची.

त्या पहिल्या तासात अधीक्षकांनी करायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. स्वतः यायचं, फोनवरून सूचना द्यायच्या नाहीत. ड्युटीवरच्या डॉक्टरला आत पाठवून दुसऱ्याला उभं करायचं. नातेवाइकांपैकी दोघा-तिघांना खोलीत बसवून काय झालं ते आपण सांगायचं. केसपेपर आणि एमएलसी (पोलीस केसच्या रुग्णांचं) रजिस्टर ताब्यात घ्यायचं, सीसीटीव्हीचं फुटेज त्याच रात्री काढून ठेवायचं, कारण बऱ्याच ठिकाणी जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. मारहाण झालेल्या डॉक्टरची वैद्यकीय तपासणी आणि नोंद करायची, ही तर हमखास राहून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी स्थानिक पुढाऱ्यांचा फोन येतो, "डॉक्टरांना सांगा, मिटवून टाका." इथे साहेब काय बोलतात ते सगळा स्टाफ ऐकत असतो. डॉक्टरकडूनच माफीनामा घेतला गेला तर तो डॉक्टर पंधरा दिवसांत जातो, आणि त्याच्यामागून बाकीचेही निघतात.

अर्थात, अधीक्षकांच्या पाठीशीही कोणी उभं असावं लागतं. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एका दिवसात 24 मृत्यू झाले. त्यानंतर एका खासदाराने प्रभारी अधिष्ठात्यांकडून स्वच्छतागृह साफ करून घेतलं आणि त्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला. मृत्यूंची चौकशी व्हायलाच हवी होती. पण सरकारी सेवेत यायचं की नाही हे ठरवत असलेल्या इंटर्नांनीही तो व्हिडिओ पाहिला. संस्थेच्या प्रमुखाची ही गत होत असेल तर आपली काय, हा प्रश्न त्यांना पडला असेल तर त्यांना दोष देता येणार नाही.

सुरक्षिततेतलीच एक छोटी गोष्ट म्हणजे ड्युटी रूम. आतून लागणारी कडी, खोलीला लागूनच संडास-बाथरूम, दारात चालू बल्ब, आणि खोलीपासून वॉर्डापर्यंत उजेड. रात्री संडासला जाण्यासाठी महिला डॉक्टरला पुरुष वॉर्डातून जावं लागत असेल, तर ती पहिल्या आठवड्यातच बदलीचा अर्ज लिहायला घेते. कडी आणि बल्ब रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून एका दिवसात होतात. होत नाहीत, कारण साहेब रात्री दहानंतर ती खोली कधी बघतच नाहीत.

तज्ज्ञ डॉक्टरांचं दुखणं थोडं वेगळं असतं. उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ दिला, भूलतज्ज्ञ नाही. मग सिझर होत नाही. सिझर होत नाही म्हणून 108 बोलवून जिल्ह्याला रेफर. वर्षभर हेच करणाऱ्या सर्जनच्या हाताची सवय मोडू लागते, आणि ती पुरती मोडायच्या आत तो निघून जातो. इथे पैसा कमी पडतो असं आपण म्हणतो, पण राष्ट्रीय आरोग्य अभियानात बाहेरच्या भूलतज्ज्ञाला केसप्रमाणे मानधन देऊन बोलावता येतं. अधीक्षकांनी मंगळवार आणि शुक्रवार असे दोन दिवस ठरवून, त्या दिवसांच्या ठरलेल्या शस्त्रक्रियांची यादी आधी लावून, भूलतज्ज्ञाशी बोलून ठेवलं आणि त्याचं मानधन महिन्याच्या महिन्याला काढलं, तर ऑपरेशन थिएटर (ओटी) चालू राहतं. मानधन सहा महिने अडकलं की तो फोन उचलत नाही.

मग ओटीतल्या बारीक गोष्टी. 25 नंबरच्या स्पायनल नीडल संपल्या. लॅरिंगोस्कोपचा बल्ब गेला. कमरेतून भूल द्यायच्या हेवी ब्युपिव्हकेनचे अँप्युल जिल्हा भांडारात पडून आहेत आणि इथून ई-औषधी या औषधांच्या पोर्टलवर मागणीच गेलेली नाही. सक्शन मशीनचा जार फुटला. यातली कोणतीही एक गोष्ट सिझर थांबवायला पुरेशी आहे, आणि सगळ्यांची मिळून किंमत एका रेफरच्या डिझेलपेक्षा फार नसते. जे अधीक्षक आठवड्यातून एकदा इन्चार्ज सिस्टर आणि फार्मासिस्टला घेऊन ओटीत अर्धा तास उभे राहतात, काय संपत आलंय ते लिहून घेतात आणि पुढच्या आठवड्यात त्याच वहीतून विचारतात, त्यांच्याकडे सर्जन राहतो. माणूस जे शिकलाय ते त्याला करायला मिळालं पाहिजे. डोंगराळ तालुक्यातही तज्ज्ञ टिकलेले दिसतात, ते बहुधा यामुळेच.

नव्या डॉक्टरच्या बाबतीत पहिला महिना फार महत्त्वाचा. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेला मुलगा वर्षभराच्या बंधपत्रावर येतो. सेवा केली नाही तर 10 लाख भरायचे, म्हणून आलेला असतो. त्याला थांबवायचं तर आधी त्याचा पहिला पगार काढा. रुजू अहवाल, पगाराच्या प्रणालीतला सेवार्थ क्रमांक, बँकेचं खातं, पॅन, शारीरिक योग्यतेचं प्रमाणपत्र, यातला एक कागद राहिला की देयक कोषागारातून परत येतं आणि पुढच्या महिन्यावर जातं. असं करत तीन-चार महिने बिनपगारी जातात. बापाकडून पैसे मागवून सरकारी रात्रपाळ्या करणाऱ्या मुलाला सेवेची गोडी लागेल कशी? अधीक्षकांनी रुजू झाल्याच दिवशी त्याला लिपिकासमोर बसवून कागदांची यादी पुरी करून घ्यायची आणि दहा दिवसांनी देयकाचं काय झालं ते स्वतः विचारायचं. पहिल्या चार रात्री त्याला एकट्याला लावायचं नाही. विषबाधा, सर्पदंश, एमएलसीची नोंद आणि जबाब, या गोष्टी जुन्या डॉक्टरसोबत एकदा करून घेतल्या की त्याची भीती जाते.

रिपोर्टिंगचा बोजाही साहेबच कमी करू शकतात, किंवा दुप्पट करू शकतात. एचएमआयएस, आरसीएच, निक्षय, ई-औषधी, ई-संजीवनी ही पोर्टलं आहेतच. त्यावर तालुका, जिल्हा आणि कधी कधी मंडळ अशा तिघांना एकच आकडा तीन वेगळ्या तक्त्यांत आणि तोही "आज पाचपर्यंत". जो आकडा पोर्टलवर आहे तो पुन्हा एक्सेलमध्ये मागायचा नाही, असं एखाद्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने ठरवलं तर डॉक्टरचा दिवसाचा तासभर वाचतो. आढावा बैठकीत "निरंक (शून्य) का?" असं शंभर जणांसमोर विचारण्याआधी, ज्या गोष्टीचा आकडा मागतोय ती त्या डॉक्टरच्या हातात आहे का, एवढं बघायला हवं. ऑपरेटिंग सर्जनच नसलेल्या केंद्राला कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियांसाठी झापून कोणाचं काय सुधारतं?

हे सगळं अधीक्षकांवर लादणं सोपं आहे, म्हणून त्यांची बाजूही सांगितली पाहिजे. बरेच जण प्रभारी असतात. काल कॅज्युअल्टीत होते, आज खुर्चीत बसले. देयकं, ऑडिट पॅरा, चौकशी, आस्थापना, यातलं त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. चार्ज दिला तसा कधी काढून घेतील याचा भरवसा नसतो, आणि ज्याला पुढच्या महिन्याचा भरवसा नाही तो वर्षभराची प्रतिनियुक्तीची वही कशाला घालेल? बदल्यांच्या 2005 च्या कायद्याने साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ धरला आहे. अधीक्षकांना खरोखरच तीन वर्षं बसू दिलं, आणि रुजू होण्याआधी पंधरा दिवस जुन्या, चांगलं रुग्णालय चालवणाऱ्या अधीक्षकासोबत ठेवलं, तर हे काम पुष्कळ सोपं होईल. जिल्हा शल्यचिकित्सकांनी त्यांच्याशी नोटिशीतून बोलायचं आणि त्यांनी मात्र हाताखालच्यांशी प्रेमाने, असं होत नाही.

आणि जाणाऱ्याला जाऊ द्यायला शिकलं पाहिजे. बंधपत्रावरची बरीच मुलं पीजीला जाणारच. सेवेतल्या डॉक्टरांसाठी पीजीच्या जागा राखून ठेवण्याचा अधिकार राज्यांना आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे पीजी करून परत येण्याचा रस्ता आहे. पण ना हरकत प्रमाणपत्राची फाइल टेबलाच्या खणात राहिली आणि प्रवेशाची तारीख गेली, तर तो मुलगा सरकारी सेवेचं नाव पुन्हा काढत नाही. कार्यमुक्तीचा आदेश, बंधपत्र पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, एलपीसी (शेवटच्या पगाराचं प्रमाणपत्र) हे कागद शेवटच्या दिवशी हातात दिले, आणि जाण्याआधी दहा मिनिटं बसवून "इथे काय बदलायला हवं होतं" असं विचारून लिहून घेतलं, तर तो माणूस तुटत नाही.

पुढच्या वर्षीची बॅच जागा निवडायला बसते तेव्हा हाच मुलगा त्यांचा सीनियर असतो. कॉलेजच्या ग्रुपवर त्याला मेसेज येतो. गाव किती लांब, क्वार्टर आहे का, रेंज येते का, हे नकाशावरून आणि दुसऱ्यांकडूनही कळतं. त्याला विचारतात ते एवढंच, "सर, तिथले एमएस कसे आहेत?"